चालत्या कारखान्यात बदल कसा आणावा: नव्याने मालकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी

तोट्यातला कारखाना सुधारणं त्यातल्या त्यात सोपं. काहीतरी करायला हवं हे तिथे मालकापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. खरा अवघड असतो तो नफ्यातला कारखाना, कारण सगळं ठीक चाललंय म्हणून तिथे सगळेच गाफील असतात.

शिरोली, गोकुळ शिरगाव, भोसरी, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत जा. वडिलांनी किंवा काकांनी एका जुन्या लेथवर सुरू केलेलं काम आज पाच-सहा सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी मशिनं) आणि तीस-चाळीस माणसांपर्यंत वाढलेलं दिसेल. एका मोठ्या कंपनीचे ठरलेले पार्ट, वेळेवर पगार, न चुकलेले बँकेचे हप्ते, खंडेनवमीला मशिनांना हार. मग घरातला मुलगा किंवा मुलगी इंजिनिअर होऊन, दोन-चार वर्षं बाहेर नोकरी करून परत येते आणि पहिल्याच आठवड्यात विचारते, "हे असं का करतो आपण?" त्यावर शॉपमधून, म्हणजे मशिनं चालतात तिथून, उत्तर येतं, "चालतंय की!"

हा लेख त्या मुलासाठी आणि त्या मुलीसाठी आहे. तुमचं हॉटेल असेल किंवा कापडाचं दुकान, तरी यातलं बरंचसं लागू पडेल. पण मी मशीन शॉपबद्दलच लिहिणार आहे, कारण उदाहरण हाताशी असलं की गोष्टी हवेत राहत नाहीत.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. गाफील मालक म्हणजे आळशी मालक, असं नवख्यांना वाटतं. तसं क्वचितच असतं. सकाळी आठला येऊन रात्री नऊला घरी जाणारा, रविवारीही फोनवर असणारा माणूस गाफील असू शकतो. किंबहुना त्या धावपळीमुळेच त्याला मान वर करून पाहायला सवड नसते. दहा वर्षांपूर्वी विचार करून ठरवलेला दर, तेव्हा जोडलेलं गिऱ्हाईक, तेव्हा बसवलेली पद्धत आज सवयीने चालू असते. तो निर्णय तेव्हा बरोबरच होता, आणि म्हणून त्याच्याकडे परत कोणी पाहत नाही. तेव्हा सुस्ती माणसांत शोधत बसू नका. ज्या गोष्टींबद्दल कारखान्यात वर्षानुवर्षं कोणी प्रश्न विचारलेला नाही, तिथे शोधा.

मागणी जोरात असते तेव्हाच का पाहायचं

पुण्यातल्या माणसाला हे बजाजच्या चेतकवरून सांगावं. १९७२ साली चेतक स्कूटर आली. परवाना राजमुळे उत्पादनावर मर्यादा होत्या, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. गिऱ्हाईक दारात उभं आणि माल कमी, अशा स्थितीत कुठल्या कंपनीला आपली गाडी बदलावीशी वाटेल? १९८५मध्ये हीरो होंडाची सीडी १०० ही मोटरसायकल आली. चार स्ट्रोकची, पेट्रोल फार कमी लागणारी. बजाजने कावासाकीबरोबर मोटरसायकली काढल्या होत्या, तरी कंपनीचा जीव स्कूटरमध्येच होता. १९९१नंतर बाजार खुला झाला, गिऱ्हाईक मोटरसायकलकडे वळत गेलं, आणि २००१मध्ये हीरो होंडा जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी झाली. त्याच २००१मध्ये बजाजने पल्सर आणली आणि कंपनी सावरली. सावरली, कारण हातात पैसा होता, चाकणला नवा कारखाना उभा होता आणि स्वतःचं इंजिन बनवणारी माणसं होती. तुमच्या-माझ्या आकाराच्या कारखान्याला चुकीचा रस्ता धरून परत फिरायला इतकी वर्षं मिळत नाहीत.

दुसरं उदाहरण आपल्या आकाराच्या जास्त जवळचं आहे. गाड्यांच्या धुरावरच्या नियमांत बीएस-५ ही पायरी वगळून थेट बीएस-६ आणणार, हे सरकारने जानेवारी २०१६मध्ये जाहीर केलं आणि १ एप्रिल २०२०पासून ते लागू झालं. नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. म्हणजे कार्बोरेटरचे बारीकसारीक भाग बनवणाऱ्यांना चार वर्षं आधी तारखेनिशी सांगितलं गेलं होतं. पण त्या चारही वर्षांत ऑर्डरी येतच होत्या, आणि हातातली ऑर्डर सोडून पुढचं बघायला सांगणारा माणूस कारखान्यात वेडाच ठरतो. तो वेडेपणा करायची जबाबदारी आता तुमची.

पायरी १: पहिला महिना काही बदलू नका, एक जॉब धरून चाला

नवख्या वारसाची पहिली चूक म्हणजे आल्या आल्या रंगरंगोटी, नवा लोगो, हजेरीचं मशीन. त्याने कारखाना बदलत नाही, फक्त लोक सावध होतात.

त्याऐवजी नेहमीचाच एखादा पार्ट निवडा. फार अवघड नको, फार सोपाही नको. एका ऑर्डरचा प्रवास पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) आल्यापासून पैसे खात्यात जमा होईपर्यंत स्वतः वहीत लिहा. कास्टिंग (ओतीव कच्चा माल) कधी आलं, इनवर्डला म्हणजे आवक विभागात किती वेळ पडून होतं, गेज (माप तपासायचं साधन) कोणाकडे होता, सेटिंगला म्हणजे त्या जॉबसाठी मशीन तयार करायला किती वेळ गेला, पहिला पीस कोणी तपासला, ड्रिल-टॅपला कधी गेलं, प्लेटिंगवाल्याकडून (धातूचा मुलामा देणाऱ्याकडून) कधी परत आलं, डिस्पॅच कधी झालं, समोरच्या कंपनीत जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) कधी पडला, बिल कधी बुक झालं. प्रत्येक ठिकाणी दोनच वेळा टिपायच्या: माल आला कधी आणि पुढे गेला कधी.

हे काम दुसऱ्याला सांगू नका. सुपरवायझरने भरलेल्या तक्त्यात सगळं वेळेवरच असतं.

एका मशीन शॉपमध्ये असं जॉबबरोबर चालल्यावर दिसलं की एका पीसवर सगळ्या मशिनांचा मिळून वेळ जेमतेम बारा मिनिटं होता आणि बॅच दारातून बाहेर पडायला अडीच आठवडे लागत होते. मधले बरेच दिवस प्लेटिंगच्या वाटेवर जात. टेम्पो फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी जायचा. का? तर कधीकाळी शेजारच्या दोन युनिटांबरोबर भाड्याच्या टेम्पोत भागीदारी होती आणि त्यांनी मिळून ते वार ठरवले होते. नंतर शेजारची युनिटं दुसरीकडे गेली, कारखान्याने स्वतःचा टेम्पो घेतला, तरी मंगळवार-शुक्रवार कायम. बुधवारी सकाळी तयार झालेली क्रेट शुक्रवारपर्यंत दारापाशी उभी. ड्रायव्हर मोकळा बसलेला. त्याला विचारलं तर म्हणाला, "मला कोणी सांगितलंच नाही रोज जा म्हणून."

यात कोणाचाच दोष नव्हता, आणि तोट्याच्या खात्यात हे कुठेही दिसत नव्हतं. या महिन्यात अशाच गोष्टी वहीत जमा करायच्या. जमल्या की लगेच दुरुस्त करायला धावू नका. टेम्पोसारखी फुकटात सुटणारी गोष्ट असली तर तीही थोडी धरून ठेवा, पुढे तिचा चांगला उपयोग आहे.

पायरी २: आकडे स्वतः काढा

सीएकडचा ताळेबंद मागच्या वर्षाचं सांगतो. तुम्हाला पुढचं बघायचं आहे, आणि त्यासाठी हे आकडे हाताने काढलेले बरे.

पहिला, सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा विक्रीतला वाटा. तो निम्म्याहून जास्त असेल तर तुमच्या कारखान्याचा खरा मालक त्या कंपनीच्या खरेदी विभागात बसलेला आहे. बाकी काही बोलायचं कारण नाही.

दुसरा, पैसा अडकण्याचा. इथे थोडं थांबू, कारण इथेच सर्वांत जास्त डोळेझाक होते. समजा महिन्याला ४० लाखांची बिलं होतात आणि पैसे ९० दिवसांनी येतात. म्हणजे कायम १ कोटी २० लाख रुपये बाहेर. सीसीवर (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर) १२ टक्के व्याज धरलं तर वर्षाला १४ लाख ४० हजार रुपये फक्त वाट पाहण्याचे. वर्षाची विक्री ४ कोटी ८० लाख, म्हणजे विक्रीचे ३ टक्के. ज्या धंद्यात हातात आठ टक्के उरले तर लोक खूश असतात, तिथे हे तीन टक्के कोणाच्या लक्षात येत नाहीत, कारण व्याज बँक हळूच कापून घेते. ९०चे ६० दिवस झाले तर वर्षाला ४ लाख ८० हजार वाचतात, एकही नवं मशीन न घेता.

"पण मोठ्या कंपनीला कोण सांगणार?" हा पुढचा प्रश्न. कायदा काय म्हणतो ते तरी माहीत असू द्या. २००६च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३च्या अर्थसंकल्पाने याला आयकराची जोड दिली: या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येते. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतःहून उद्यम नोंदणीचा (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा) दाखला मागतात. तुमची नोंदणी आहे का, ती बिलावर छापलेली आहे का, हे आजच बघा. शिवाय २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना टीआरईडीएस या बिल वटवण्याच्या व्यवस्थेत नोंदणी सक्तीची झालेली आहे. कंपनीने तिथे तुमचं बिल मान्य केलं की बँक ते वटवते आणि पैसे लवकर मिळतात, व्याजही बहुधा तुमच्या सीसीपेक्षा कमी पडतं, कारण पत त्या कंपनीची धरली जाते. गिऱ्हाइकावर केस करा असं मी म्हणत नाही. खरेदी विभागाऐवजी अकाउंट विभागातल्या माणसाशी ओळख करून घ्या, एवढंच म्हणतो.

तिसरा आकडा मशीनचा. मिस्त्री म्हणतील, "मशीन दिवसभर चालू असतं." आठ तासांची पाळी ४८० मिनिटांची. जेवण-चहाची ३० वजा केली, ४५० राहिली. सेटिंगला ६० मिनिटं, माल किंवा गेज येण्याची वाट बघण्यात ३० गेली. राहिली ३६०. एका पीसला ३ मिनिटं धरली तर १२० पीस व्हायला हवेत. प्रत्यक्षात झाले ९६, त्यातले ३ रिजेक्ट. चांगले पीस ९३, म्हणजे २७९ मिनिटांचं काम. ४५० मिनिटांपैकी ६२ टक्के. आणि हे काही वाईट मशीन शॉप नव्हे! पण हा आकडा माहीत नसलेला मालक नव्या व्हीएमसीसाठी बँकेत कोटेशन घेऊन जातो, कारण त्याच्या मते सगळी मशिनं "फुल" आहेत.

चौथा, गेल्या वर्षभरात दिलेल्या कोटेशनपैकी किती लागली. बऱ्याच ठिकाणी कोटेशनची फाइलच नसते. ती नसणं हेच उत्तर समजा. आणि जी कामं गेली त्यांतल्या दोन-तीन ठिकाणी फोन करून कारण विचारा. सोडून गेलेलं गिऱ्हाईक तुमच्याबद्दल जितकं खरं बोलेल तितकं चालू गिऱ्हाईक बोलणार नाही.

पायरी ३: पार्टांची तीन ढिगांत वाटणी

वाहन उद्योगाचं काम करणाऱ्यांनी ही पायरी टाळू नये. एका संध्याकाळी तयार पार्टांचा एकेक नमुना टेबलावर मांडा. पहिल्या ढिगात इलेक्ट्रिक गाडीत ज्यांचं कामच उरत नाही असे: पिस्टन, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, क्रँकशाफ्ट, सायलेन्सर, इंधन यंत्रणेचे भाग. दुसऱ्यात गाडी कशावरही चालो, लागणारच असे: ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, हब, अॅक्सल. तिसऱ्यात वाहनाशी संबंध नसलेले: पंप, व्हॉल्व्ह बॉडी, शेती अवजारं, इतर यंत्रं. मग प्रत्येक ढिगासमोर त्याचा विक्रीतला वाटा लिहा.

इंजिन उद्या बंद पडणार असं मी म्हणत नाही. ट्रॅक्टर, ट्रक, जनरेटर अजून बरीच वर्षं डिझेल पितील, आणि या बाबतीत छातीठोक तारखा सांगणाऱ्यांपासून लांबच राहा. पण पहिला ढीग सत्तर टक्के असेल आणि नवी कोटेशनंही त्याच ढिगाची जात असतील, तर ते आज कळलेलं बरं.

पायरी ४: बदल एकच निवडा

वहीत आता वीस-पंचवीस गोष्टी जमल्या असतील. त्यातली एक घ्या. निवडताना बघा की त्याचा परिणाम तीन महिन्यांत दिसेल का, त्याला मोठं भांडवल लागत नाही ना, आणि त्यामुळे शॉपवरच्या कोणाची तरी रोजची कटकट कमी होते का. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. ज्या बदलातून फक्त मालकाचा फायदा दिसतो त्याला शॉप मनापासून साथ देत नाही.

धरून ठेवलेला टेम्पो आता बाहेर काढा. "उद्यापासून टेम्पो रोज जाईल" या एका वाक्याने प्लेटिंगची वाट दोन दिवसांनी कमी होते, पॅकिंगवाल्यांची शनिवारची धांदल संपते आणि लोक म्हणतात, पोराला कळतंय काहीतरी. ही पत पुढच्या अवघड कामात उपयोगी पडते.

आणि पहिला बदल म्हणून ईआरपी (कारखान्याचं सगळं कामकाज एकत्र नोंदवणारं सॉफ्टवेअर) घेऊ नका. हातवारे करून सांगतोय असं समजा. मोडकी पद्धत संगणकावर चढवली की ती मोडकीच राहते, वर वार्षिक फी सुरू होते. मी बंद पडलेल्या ईआरपीच्या स्क्रीनवर चिकटपट्टीने लावलेले हाताने लिहिलेले तक्ते पाहिले आहेत.

पहिल्या खऱ्या बदलासाठी माझी पसंती सेटिंगच्या वेळेला आहे. मशीन थांबल्यावर जॉ (पार्ट पकडणारे जबडे) शोधणं, टूल लावणं, ड्रॉइंग आणणं, गेजसाठी स्टोअरला जाणं, यात निम्मा वेळ जातो. यातलं जे मशीन चालू असताना आधीच करता येतं ते एका ट्रॉलीवर तयार ठेवायचं. पुढच्या जॉबचे जॉ, टूल, ऑफसेटचा (टूलच्या मापांचा) कागद, गेज, पहिल्या पीसची नोंदवही, सगळं ट्रॉलीवर. दीड तासाची सेटिंग पाऊण तासावर येणं यात अशक्य काही नाही. खर्च एका ट्रॉलीचा.

पायरी ५: घरातली परवानगी

इथे बहुतेक गाडी अडते. वडिलांसमोर प्रेझेंटेशन लावू नका. तुमच्या प्रत्येक स्लाइडचा अर्थ त्यांना "बाबा, तुमचं चुकलं" असाच ऐकू येतो.

त्यापेक्षा त्यांना विचारा, पहिलं सीएनसी घेतलं तेव्हा काय झालं होतं? आजोबा काय म्हणाले होते? कर्ज कसं काढलं? आईचे दागिने ठेवले होते का? बहुतेक घरांत असं निघतं की तुम्ही आज मागताय त्याच्या कितीतरी पट मोठी जोखीम त्यांनी तुमच्या वयात घेतली होती, तीही घरच्यांचा विरोध पत्करून. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकरी घ्यायला तयार नव्हते, लोखंडाने जमीन नासते असा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली म्हणतात. आपल्याकडचा प्रत्येक जुना कारखाना अशाच कुणाच्या तरी हट्टातून उभा राहिलेला आहे. वडिलांना त्यांचा तो हट्ट आठवला की बोलणं वेगळ्या पातळीवर जातं.

मग मागणी नेमकी करा. सगळा कारखाना मागू नका. "बाबा, मला तीन नंबरचं मशीन द्या, पन्नास हजारांपर्यंत खर्चाची मुभा द्या आणि दिवाळीपर्यंत मधे पडू नका. नाही जमलं तर पूर्वीसारखं करू." मशीन, रक्कम आणि मुदत या तिन्ही गोष्टी ठरलेल्या असल्या की नाही म्हणणं अवघड जातं. कबूल झालेलं एका कागदावर लिहून दोघांनी जवळ ठेवा. बालिशपणा वाटेल, पण दोन महिन्यांनी "मी असं म्हणालोच नव्हतो" हे टळतं.

आणि मतभेद राहिले तर राहू द्या. २००९च्या अखेरीस राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्ण बंद करायचा निर्णय घेतला तेव्हा त्यांचे वडील राहुल बजाज यांनी आपली नाराजी उघडपणे बोलून दाखवली होती. निर्णय मात्र फिरवला नाही. घरातलं मतभेदाचं वळण इतकं सरळ असेल तर भाग्यच. सहसा वडील तोंडाने हो म्हणतात आणि मिस्त्रींना बाजूला घेऊन जुन्याच पद्धतीने करायला सांगतात. असं झालं तर शॉपवर वाद घालू नका, घरी बोला. कामगारांसमोर बाप-लेकांचे दोन हुकूम सुरू झाले की तिसराच हुकूम चालतो: कोणाचंच ऐकायचं नाही.

पायरी ६: मिस्त्रींचा विरोध समजून घ्या

पंचवीस वर्षं सेटिंग करणाऱ्या माणसाला ट्रॉली नको असते, याचं कारण त्याला बदल कळत नाही हे नव्हे. त्याला तो तुमच्यापेक्षा जास्त कळलेला असतो. सेटिंगचा वेळ कमी झाला की काम पाळीत संपणार, काम पाळीत संपलं की ओव्हरटाइम जाणार. त्याच्या घराचा हप्ता त्या ओव्हरटाइमवर बेतलेला आहे. वर, कुठला जॉ कुठे ठेवलाय हे फक्त त्यालाच माहीत असणं ही त्याची कारखान्यातली किंमत आहे, आणि तुम्ही ती ट्रॉलीवर मांडून सगळ्यांना दाखवणार.

म्हणून पैशाचं आधी बोला. वाचलेल्या वेळेत जादा निघालेल्या चांगल्या पीसवर काही रक्कम, किंवा गेल्या सहा महिन्यांच्या सरासरी ओव्हरटाइमइतका ठरलेला भत्ता वर्षभर, जे परवडेल ते ठरवा आणि पहिल्याच महिन्यात हातात द्या. "नंतर बघू" म्हणालात की खेळ संपला. आणि ट्रॉली कशी असावी हे त्यांनाच ठरवू द्या. तुम्ही काढलेल्या ड्रॉइंगपेक्षा ती वेडीवाकडी होईल, पण वापरात राहील. नव्या पोरांना शिकवायचं कामही त्यांच्याकडे द्या, भत्त्यासकट.

यानंतरही एखादा माणूस आडवा येतच राहील. त्याच्यामागे लागून वर्ष घालवू नका. त्याचं मशीन सोडून बाकीच्यांवर सुरू करा.

पायरी ७: एक तरी काम बंद करा

नवं सुरू करणं सगळ्यांना आवडतं, बंद करणं कोणालाच नाही. जुने दर मात्र इथेच उघडे पडतात. समजा एका पार्टचा दर ८५ रुपये. कच्चा माल ३८, मशीनची ५ मिनिटं तासाला ४५० रुपयांनी साडेसदतीस, प्लेटिंग ६, पॅकिंग-वाहतूक ३. बेरीज साडेचौऱ्याऐंशी. कागदावर पन्नास पैसे सुटतात, म्हणून कोणी हात लावत नाही. पण ऑर्डर शंभर-शंभर पिसांची येते आणि प्रत्येक वेळी तासभर सेटिंग लागते. ते ४५० रुपये शंभर पिसांवर वाटले की पीसमागे साडेचार रुपये. म्हणजे प्रत्येक पीस चार रुपयांचा खड्डा पाडून जातोय, आणि त्याच वेळी फायद्याचं काम मशीन नाही म्हणून बाहेर थांबलंय.

अशा पार्टांची यादी करून गिऱ्हाइकाकडे जा. एकदम पाचशेची ऑर्डर द्या, किंवा दर वाढवा, नाहीतर तीन महिन्यांत दुसरा व्हेंडर बघा. तिन्ही पर्याय सभ्यपणे, लेखी. कितीतरी वेळा दर वाढवून मिळतो, कारण इतकी वर्षं कोणी मागितलेलाच नसतो!

बंद करतानाही एक सावधगिरी. बजाजने स्कूटर सोडल्या, मोटरसायकलवर सगळा जोर लावला, ते कंपनीला फळलंही. पण होंडाच्या अॅक्टिव्हाने गिअर नसलेल्या स्कूटरचा बाजार पुढे इतका वाढवला की तो सगळा बजाजच्या हाताबाहेर राहिला. शेवटी चेतक हे नाव २०१९मध्ये इलेक्ट्रिक गाडीवर परत आलं आणि जानेवारी २०२०पासून पुणे आणि बेंगळुरूत ती विकायला सुरुवात झाली. म्हणून एखादं काम बंद करताना कारण लिहून ठेवा आणि कोणती परिस्थिती बदलली तर परत विचार करायचा तेही लिहा. त्या कामाची फिक्श्चर (पार्ट पकडून ठेवायची साधनं) भंगारात घालायची घाई नको. जागा खातात, खाऊ देत वर्षभर.

पायरी ८: ठरल्या दिवशी मोजा

बदल सुरू करण्याआधीचा आकडा लिहिलेला नसेल तर नंतर फक्त वाद होतो. सेटिंगचा आधीचा वेळ किमान पंधरा वेळा मोजून सरासरी काढा, भिंतीवर फळा लावा आणि रोजचा आकडा त्या मशीनवरच्या माणसाने स्वतः लिहावा. आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी, फळ्यासमोर उभं राहून पंधरा मिनिटं बोला. खुर्च्या मांडल्या की मीटिंग लांबते.

पहिले तीन-चार आठवडे आकडे बिघडतात. नव्या पद्धतीला हात बसायला वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मोठ्या गिऱ्हाइकाची तातडीची ऑर्डर येते. वडील म्हणतील, "बघ, सांगितलं होतं." या काळासाठी तयार माल थोडा जास्त करून ठेवा, म्हणजे डिस्पॅच अडणार नाही आणि तुमच्यावर माघार घ्यायची वेळ येणार नाही. मुदत संपल्यावरही आकडा सुधारला नाही, तर मात्र सगळ्यांसमोर सांगा की हे जमलं नाही, आणि पूर्ववत करा. ठरल्याप्रमाणे मागे घेतलेला एक प्रयोग पुढच्या प्रयोगाला माणसं मिळवून देतो. न जमलेलं रेटत राहिलात, तर पुढच्या वेळी फळ्यावर खोटे आकडे लिहिले जातील.

जमलं, तर लगेच सगळ्या मशिनांवर नेऊ नका. दुसऱ्या मशीनवाल्याला पहिल्याकडे पाठवा, त्यालाच बघू द्या.

तुमच्यासाठी कोण बघणार

तीन-चार वर्षांत ट्रॉली, फळा, रोजचा टेम्पो ही या कारखान्याची रूढ पद्धत होईल आणि तिचे मालक तुम्ही असाल. एखादा नवा डिप्लोमावाला विचारेल, "सर, हे सोमवारीच का करतो आपण?" तेव्हा तुम्हीही घाईतच असाल.

यावर उपाय साधा आहे, फक्त आत्ताच करून ठेवावा लागतो. तुमच्या धंद्याशी देण्याघेण्याचा संबंध नसलेला एक माणूस शोधा. निवृत्त झालेला क्वालिटीचा मॅनेजर, दुसऱ्या एमआयडीसीतला दुसऱ्याच मालाचा उत्पादक, औद्योगिक संघटनेत भेटलेला कोणीतरी. दर तीन महिन्यांनी पायरी दोनमधले चार आकडे त्याच्यासमोर ठेवायचे आणि त्याला एकच काम द्यायचं: मागच्या वेळी जे उत्तर मिळालं होतं तेच या वेळीही मिळालं, तर तिथे अडवायचं. जेवण तुमच्याकडून. फी मागितली तर तीही द्या, सीएच्या फीपेक्षा ती जास्त कामी येईल. पहिली बैठक एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवा. मार्चची धावपळ संपलेली असते, वर्षाचे आकडे ताजे असतात आणि नव्या वर्षाचे दर अजून ठरायचे असतात.